अण्णांना ‘अल्सर’ सांगितलाय, आता दुर्बिणीला तयार कसं करू?

सोलापुरातून एका सुनेचं पत्र आलंय. वय 33. नवरा चाकणला नोकरीला, शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटे जातो. घरात सासू-सासरे, 26 वर्षांची नणंद आणि सहा वर्षांचा मुलगा. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. वय 61, उभा जन्म यंत्रमागावर गेलेला, गळ्यात तुळशीची माळ, दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. पंधरा वर्षांपासून साखर आहे.

दोन महिन्यांपूर्वी जेवणानंतर अण्णांना रक्ताची मोठी उलटी झाली. रुग्णालयात दुर्बिणीतून पोटातल्या फुगलेल्या शिरेत ‘ग्लू’ भरला, रक्त थांबलं. सोनोग्राफीत लिव्हर आकसल्याचं दिसलं. हा सिरॉसिस, म्हणजे लिव्हरला वण पडून ते खराब होणं; तो साखर आणि लिव्हरवरच्या चरबीमुळे असावा, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीला बोलावलं होतं, ते आजवर झालेलं नाही. कारण सासूबाईंनी दवाखान्यातच ठरवून टाकलं, “अल्सर झालंतं, बरं झालं, एवढंच सांगायचं बग.” नणंदेचं लग्न जुळत आलंय आणि ‘लिव्हर’ म्हटलं की लोक ‘दारू’ ऐकतात. बाहेरच्यांना हेच सांगितलं, नणंदेला हेच आणि अण्णांनाही हेच. खरं काय ते सासूबाई, नवरा आणि सूनबाई या तिघांनाच ठाऊक आहे.

आता अण्णा म्हणतात, अल्सर बरा झाला, परत घशात नळी कशाला? ‘बीपीची’ गोळी त्यांनी बंद केलीय, कारण त्यांना बीपी नाही. मामेसासऱ्यांनी अल्सरवर म्हणून एका वैदूची पुडी आणून दिलीय. सासूबाईंच्या मते शीर फुटली ती कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या उष्णतेनं. सूनबाई विचारतात: अण्णांना न कळू देता दुर्बिणीला तयार कसं करू? लग्न होईपर्यंत थांबलं तर चालेल का? पुन्हा उलटी झाली तर पुण्याला न्यायचं की इथेच? पत्राच्या तळाशी एक ओळ आहे: “मी रात्री दार उघडं ठेवून झोपते, उलटीचा आवाज यावा म्हणून.”

*

‘लग्न होईपर्यंत थांबलं तर चालेल का?’ याचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. लग्नाची तारीख भटजी काढतील, शिरेची तारीख कुणालाच काढता येत नाही. बाकीच्या प्रश्नांना इतकं सरळ उत्तर नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. एका सरकारी रुग्णालयात बावीस वर्षं समाजसेवा अधीक्षक होते. म्हणजे राउंड घेऊन डॉक्टर पुढे गेले की ‘म्हणजे नेमकं काय झालंय हो?’ असं नातेवाईक जिला विचारतात, ती बाई. औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. मी लिहितेय ते त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून.

अण्णांना तयार कसं करू, असं तुम्ही विचारलंय. मला उलटं विचारावंसं वाटतं: अण्णा हट्ट करतायत असं तुम्हाला का वाटतं? त्यांना सांगितलंय, अल्सर होता. उलटी थांबली, जेवण जातंय, पोट दुखत नाही. अशा माणसानं ‘आता नळी कशाला’ म्हणणं ही साधी व्यवहाराची गोष्ट झाली. बीपी नसताना बीपीची गोळी बंद करणं हेही तसंच. तुम्ही तिघांनी जी माहिती त्यांच्या हाती दिली, तिच्यावरून ते अगदी योग्य निर्णय घेतायत. चूक अण्णांची नाही, त्या माहितीची आहे.

म्हणून ‘न कळू देता’ हा तुमच्या प्रश्नातला भाग मी खोडून टाकते. एकदा फसवून दुर्बिणीला न्याल. ‘साखरेची तपासणी आहे’ म्हणून रिक्षात बसवाल. पण ही एकदाची गोष्ट नाही. ग्लू भरलेली शीर पूर्ण बुजली का ते बघायचं, नसेल तर पुन्हा भरायचं, मग काही महिन्यांनी परत बघायचं, गोळी रोज घ्यायची, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, कारण सिरॉसिस झालेल्या यकृतात गाठ होण्याचा धोका असतो आणि ती लहान असताना सापडली तर काही करता येतं. इतक्या वेळा कुणाला फसवता येत नाही, आणि अण्णांसारख्या माणसाला फसवूही नये.

आता आत काय झालंय ते, तुम्हाला अण्णांना सांगता येईल अशा भाषेत. जठर, आतडी आणि पाणथरी यांच्याकडून निघालेलं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा या वाटेनं येतो. उजनीचा कालवा डोळ्यांपुढे आणा. पुढच्या शिवारात गाळ बसून जमीन कडक झाली, पाणी मुरेना, तरी मागून पाणी येतच राहतं. ते तुंबतं आणि जिथे बांध कच्चा असेल तिथल्या बारक्या चाऱ्यांत घुसतं. सिरॉसिसमध्ये यकृतात जखमेच्या वणासारखे पट्टे पडतात, रक्ताला वाट राहत नाही, मागे दाब वाढतो. मग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या आणि जठराच्या वरच्या भागाच्या शिरा, ज्या एवढ्या रक्तासाठी बनलेल्याच नाहीत, त्या फुगतात. दाब सोसवला नाही की फुटतात. फुटताना दुखत नाही. आदल्या दिवसापर्यंत माणूस चालता-बोलता असतो, त्यामुळे नंतरही कुणाला वाटतं, आता ठीकच आहे की.

तुम्ही रिपोर्टातला शब्द उतरवून पाठवलाय, ‘जीओव्ही 2’. जठरातल्या फुगलेल्या शिरांची ही वर्गवारी दिल्लीचे डॉ. शिवकुमार सरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडली. आज जगभरातले डॉक्टर तीच वापरतात. अन्ननलिकेतल्या शिरा जठराच्या वरच्या घुमटाकडे पसरल्या असतील तर ‘जीओव्ही 2’, नुसत्या घुमटातच असतील तर ‘आयजीव्ही 1’. तुमच्या दृष्टीनं एवढंच महत्त्वाचं की या जाड आणि खोल शिरा असतात. यकृताच्या दाबाच्या रुग्णांपैकी साधारण पाचातल्या एकाला जठरात अशा शिरा सापडतात. अन्ननलिकेतल्या शिरांपेक्षा त्या कमी वेळा फुटतात, पण फुटल्या की रक्त जास्त जातं. अन्ननलिकेतल्या शिरेला दुर्बिणीतून रबरी बँड टाकतात. या शिरेला तो बहुतेकदा पुरत नाही, म्हणून ग्लू. दुकानात मिळणाऱ्या झटपट चिकटणाऱ्या गमाच्याच कुळातलं हे औषध, रक्ताला लागताच काही क्षणांत घट्ट होतं. तो गोळा पुढे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हळूहळू सुटून पोटात पडतो. तोवर आतली शीर बुजलेली असली तर उत्तम. नसली तर तिथूनच पुन्हा रक्त जाऊ शकतं. तीन आठवड्यांनी बोलावलं होतं ते हे बघायला.

एक आकडा देते, घाबरवायला नाही. शिरेतून एकदा रक्त गेलं आणि पुढचे उपचार घेतलेच नाहीत, तर शंभरातल्या साठेक जणांना एक-दोन वर्षांत पुन्हा रक्त जातं. उपचार घेतले की हे प्रमाण बरंच खाली येतं. अण्णा आज पहिल्या रांगेत बसलेत आणि त्यांना ते माहीतच नाही.

त्या ‘बीपीच्या’ गोळीचंही तसंच. पाकिटावरचं नाव प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल असेल. ती बीपीसाठी देतात हे खरं, पण अण्णांना दिलीय ती त्या तुंबलेल्या कालव्यातला दाब उतरवायला. मेडिकलवाल्यानं ‘ही बीपीची’ म्हटलं, अण्णांनी ‘मला बीपी नाही’ म्हटलं, दोघंही खोटं बोलले नाहीत. ती बंद केल्याचं डॉक्टरांना उद्याच फोन करून सांगा आणि पुन्हा कशी, किती सुरू करायची ते विचारा. मनानं एकदम जुना डोस देऊ नका. चक्कर येत असेल किंवा बीपी फार खाली जात असेल तर तेही सांगायचं.

सांगायचं कसं? शनिवारी रात्री नवरा येतो तेव्हा नको, दिवसभराचा शिणलेला असतो आणि रात्री ऐकलेली गोष्ट माणूस रात्रभर उगाळत बसतो. रविवारी सकाळी, अण्णांची पूजा आणि चहा झाल्यावर. बोलायचं मुलानं. तुम्ही शेजारी बसा. सुनेच्या तोंडून ऐकलं तर त्यांना ‘सगळ्या घराला ठाऊक होतं, मलाच नव्हतं’ हे जास्त लागेल. मुलगा काहीसं असं म्हणू शकेल: “अण्णा, त्या रात्रीबद्दल आम्ही तुम्हाला अर्धंच सांगितलं. आम्ही घाबरलो होतो. तो अल्सर नव्हता. तुमचं लिव्हर खराब झालंय, साखरेमुळे असावं असं डॉक्टर म्हणतात. त्यामुळे पोटातली एक शीर फुगून फुटली होती. ती बुजवलीय, पण नीट बुजलीय का ते बघायचं राहिलंय.” एवढं बोलून गप्प बसायचं. अण्णा रागावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. रागावू देत. त्यांचा राग रास्त आहे. त्यात सासूबाईंना गुन्हेगार करू नका. नवरा रक्ताच्या उलटीनं पडलेला, मुलीचं लग्न तोंडावर, अशा वेळी त्या माउलीला सुचलं ते तिनं केलं.

नळीची भीती मात्र खरी असते, तिला हसू नका. पहिल्या वेळी रात्री, रक्ताच्या उलट्या चालू असताना नळी घातली होती, ती आठवण कुणालाही नको वाटेल. ठरवून केलेली तपासणी वेगळी असते. सकाळी उपाशीपोटी जायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, डॉक्टरांना योग्य वाटलं तर गुंगीचं औषधही देतात. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्या दिवशी कसं घ्यायचं ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ते विसरलं की तपासणीच्या टेबलावर साखर उतरते आणि घोळ होतो.

अण्णा त्याच बैठकीत विचारतील, “दारू न पिता लिव्हर कसं खराब झालं?” साखर आणि वजन यांमुळे यकृतात चरबी साठते, वर्षानुवर्षं सूज राहते, वण पडतात. काविळीचे बी आणि सी हे विषाणू हेही मोठं कारण आहे. यांची रक्ततपासणी झालीय का ते फाईलमध्ये बघा. झाली नसेल तर करून घ्या, 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. सी निघाला तर गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. बी निघाला तर घरातल्या प्रत्येकाची तपासणी आणि ज्यांना नाही त्यांना लस, हे लगेच करायचं.

आणि समजा, नुसतं समजा, अण्णा तरुणपणी घेत असते तर? मी वॉर्डात दोन्ही तऱ्हेची माणसं पाहिली. नातेवाइकांच्या डोळ्यांतली दया मात्र एकाच तऱ्हेला मिळायची. दारूमुळे यकृत गेलेल्या माणसाची शीर फुटते तेव्हा तीही तशीच फुटते आणि त्याची बायकोही तशीच धावत येते. ‘आमचे अण्णा पीत नव्हते’ हे लोकांना सांगावंसं वाटणं मी समजू शकते, पण आजाराला चारित्र्याचा दाखला जोडायची सवय आपणच लावून घेतली आणि आता तीच तुमच्या घरात अण्णांच्या तब्येतीच्या आड आलीय.

आता नणंदेचं लग्न. इथे तुमच्यापुढे तीन वाटा आहेत: सगळ्यांना सांगा, कुणालाच सांगू नका, किंवा ज्यांचा संबंध आहे त्यांना सांगा. पहिलीची गरज नाही. गल्लीला आणि भावकीला तुम्ही रिपोर्ट दाखवायला बांधलेल्या नाहीत. दुसरी वाट तुम्ही चाललात आणि कुठे पोचलात ते दिसतंय. तिसरी वाट धरा, पण तिची सुरुवात मुलाकडच्यांपासून नको, नणंदेपासून करा. 26 वर्षांच्या मुलीच्या बापाला काय झालंय हे तिच्या लग्नासाठी म्हणून तिच्यापासून लपवलंय, हे पुन्हा एकदा वाचून बघा. तिला उद्या कळलं तर ती काय म्हणेल? शिवाय घरात साखर आणि लिव्हरवरची चरबी आहे, तेव्हा तिनं आणि तुमच्या नवऱ्यानंही साखर, वजन आणि लिव्हरची साधी तपासणी करून घेतलेली बरी.

मुलाकडच्यांना सांगायचं की नाही, हे मग तिनं ठरवावं. माझं मत विचाराल तर साखरपुड्याआधी एका वाक्यात सांगून टाकावं: “अण्णांना साखरेमुळे लिव्हरचा आजार आहे, उपचार चालू आहेत.” ना रडगाणं, ना खुलासे. या वाक्यावर जे घर मागे सरेल ते लग्नानंतर मांडवाबाहेर ऐकलेल्या कुजबुजीवर काय करेल, याचा विचार करा. स्थळ मोडायची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, मोडूही शकतं. पण लग्नाच्या आदल्या आठवड्यात अण्णांना दुसरी उलटी झाली तर लपवण्यासारखं तसंही काही उरणार नाही.

आणखी एका माणसाला सांगायला हवं. तुम्ही लिहिलंय, अण्णा रोज संध्याकाळी भजनी मंडळात बसतात. त्यातला त्यांचा जवळचा एक तरी सोबती हवा. एक प्रसंग सांगते. माझ्या नोकरीच्या काळात एका रात्री एका गृहस्थांना त्यांच्या मेहुण्यानं आणलं. मेहुण्याला घरच्यांनी सांगितलेलं ‘जुनी ॲसिडिटी’. तो तेच सांगत राहिला. फाईल कपाटात, कपाटाची किल्ली बायकोच्या कमरेला आणि बायको अक्कलकोटला दर्शनाला गेलेली. डॉक्टरांनी पोटाला हात लावून, रक्त तपासून ओळखलं, पण मधले तास गेलेच. माणूस वाचला. सकाळी बायको आली आणि किल्ली हातात धरून वॉर्डाच्या दारात उभी राहिली, ती मला अजून दिसते.

म्हणून एक चिठ्ठी करा. अण्णांच्या खिशात एक, फ्रिजवर एक, नणंदेच्या आणि तुमच्या फोनमध्ये तिचा फोटो. त्यावर लिहा: लिव्हर सिरॉसिस आहे, जठरातल्या शिरेतून अमुक तारखेला रक्तस्राव झाला, ग्लू भरलाय, जीओव्ही 2, मधुमेह आहे, चालू औषधं ही, रक्तगट हा, डॉक्टरांचा नंबर हा. खाली ठळक: दुखण्याची गोळी देऊ नये. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा आणि मूत्रपिंडाचाही धोका वाढतो. अण्णांचे गुडघे दुखत असणारच, मागापाशी उभ्यानं आयुष्य गेलंय. पॅरासिटामॉल चालते, पण डॉक्टर सांगतील तेवढीच, अशा रुग्णांत ती साधारण दिवसाला 2 ग्रॅमच्या आत ठेवतात.

पुण्याला की इथे? तुमचा नवरा फोनवर ‘लगेच पुण्याला हलवा’ म्हणेल, दूर असलेला मुलगा असंच म्हणतो. पण पुणे अडीचशे किलोमीटर. रक्त जात असताना माणसाला चार-पाच तास गाडीत ठेवायचं नाही. आधी सोलापुरातच, जिथे रात्रीही दुर्बिणीची सोय आणि रक्तपेढी हाताशी आहे अशा ठिकाणी न्यायचं. ते ठिकाण कोणतं हे उलटी झाल्यावर शोधायचं नसतं. या आठवड्यात डॉक्टरांना सरळ विचारा, “रात्री दोन वाजता झालं तर कुठे आणू?” तिथे पोचलं की दाब उतरवणारं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक दुर्बिणीआधीच सुरू करतात, आणि दुर्बीण शक्यतो 12 तासांच्या आत होते. रक्त थांबून माणूस स्थिर झाला आणि ग्लूनं भागत नसेल, तर मग पुणे किंवा हैदराबाद. तिथे मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेतून तार घालून आतली शीर बंद करण्याचे किंवा दाबाला दुसरी वाट काढून देण्याचे उपाय होतात. यकृत बदलण्याचा विषय कधी निघेल का, हेही पुढच्या भेटीत विचारून ठेवा, नुसतं विचारायला हरकत नसते.

उलटी झालीच तर 108 ला फोन, अण्णांना डाव्या कुशीवर, तोंडानं काही नाही. सोडा नाही, लिंबूपाणी नाही, बर्फ नाही. आणि नुसत्या उलटीच्या आवाजाकडे कान लावून बसू नका. रक्त खालूनही जातं, तेव्हा शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं होतं. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तो चिकट डांबरी प्रकार वेगळा कळतो. शंका आली तरी त्याच दिवशी दाखवा. अण्णा दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लागले, माणसं विसरायला लागले, असंबद्ध बोलले, तर ते म्हातारपण समजू नका. यकृताकडून साफ न झालेली रक्तातली घाण मेंदूला बाधते. त्यासाठी डॉक्टरांनी गोड पाकासारखं पातळ औषध दिलं असेल तर दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच होणं हाच त्याचा उद्देश आहे. जुलाब होतायत म्हणून सासूबाई ते बंद करतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

रक्त चढवायचं झालं तर ‘अजून दोन बाटल्या चढवा’ असा आग्रह धरू नका. वॉर्डात मी हे फार पाहिलं. हिमोग्लोबिन 7-8 च्या आसपास ठेवतात ते मुद्दाम, जास्त रक्तानं दाब वाढून शीर पुन्हा फुटू शकते.

खर्चाचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून थोडक्यात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा. कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतची ती योजना आहे. अण्णांना लागतील ते उपचार तिच्यात कोणत्या नावाखाली बसतात ते त्यालाच विचारायचं.

कडक भाकरी निर्दोष आहे हो. शीर फुटते ती आतल्या दाबानं, भाकरीच्या काठानं खरचटून किंवा उष्णतेनं नव्हे. ग्लू किंवा बँडनंतर काही दिवस मऊ खायला सांगतात तेवढं पाळा. पुढे भाकरी दुधात, आमटीत कुस्करून द्या, अण्णा तशी खातच असतील. शेंगाचटणीतला दोष मिठाचा आहे, शेंगांचा नाही. पोटात किंवा पायांवर पाणी असेल तर दिवसाचं मीठ सगळं मिळून चमचाभर, 5 ग्रॅम. तेव्हा चटणी घरी कुटा, मीठ हात आखडून घाला. पापड आणि लोणचं मात्र विसरायला सांगा. शेंगा, मूग, डाळी, दही, पनीर यांतली प्रथिनं त्यांना हवीच आहेत, यकृताच्या आजारात स्नायू झपाट्यानं झडतात. ‘लिव्हर आहे, डाळ बंद’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. रात्री झोपताना काहीतरी खाल्लेलं हवं, साखर सांभाळून. आणि माळकऱ्याची एकादशी! निर्जळी, कडकडीत उपास त्यांना झेपणार नाही. आपण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून चेष्टा करतो, अण्णांच्या बाबतीत डॉक्टर तीच शिफारस करतील. दर तीन-चार तासांनी दूध, दही, शेंगा. साबुदाण्यावर जोर नको, त्यानं साखर चढते आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच.

मामेसासऱ्यांची पुडी आजपासून बंद. आयुर्वेद वाईट म्हणून नाही. त्या पुडीत काय आहे हे तुम्हाला, मामांना आणि बहुधा वैदूलाही नक्की ठाऊक नाही म्हणून. भस्मांमध्ये जड धातू असू शकतात. साध्या वाटणाऱ्या वनस्पतीही काही जणांच्या यकृताला बाधतात: 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयानं तिच्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण ज्याचं यकृत आधीच आकसलंय त्यानं त्या वादात आपलं अंग कशाला घालावं? पुडी फेकू नका, पुढच्या भेटीला डॉक्टरांना दाखवायला फाईलसोबत ठेवा. मामांना वाईट वाटेल. त्यांना रक्तदात्यांची यादी करायचं काम द्या, त्यांना धावपळ करायला आवडतंय असं दिसतंय.

राहिलं तुमचं उघडं दार. पत्रातली ती ओळ मी दोनदा वाचली. दोन महिने तुम्ही अर्धवट झोपताय, दिवसा मुलाची शाळा, स्वयंपाक, आणि जे खरं आहे ते तोंडातून निसटू नये म्हणून सतत सावध. अण्णांना आणि नणंदेला कळल्यावर हे पहिल्यांदा वाटून घेता येईल. अण्णांच्या उशाशी एक घंटी किंवा फोन ठेवा, अस्वस्थ वाटलं तर आपणहून हाक मारायची हे त्यांना आता सांगता येईल. अल्सर बरा झालेल्या माणसाला ते सांगता येत नव्हतं. आठवड्यातल्या तीन रात्री नणंद त्यांच्या शेजारच्या खोलीत झोपेल. शनिवारी नवरा आला की ती रात्र त्याची. त्या रात्री तुम्ही दार लावून झोपा.